पहिल्या रायफलीवर दुर्बीण हवी का?

जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानासमोर तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असालच. फळीवर रंगीबेरंगी फुगे टाचलेले असतात आणि चार-पाच पावलांवरून छऱ्याच्या बंदुकीने ते फोडायचे असतात. पहिला छर्रा फुग्याशेजारून जातो, दुसराही जातो. मग आपण नळीच्या टोकावरचा तो वाकडा झालेला उंचवटा दुकानदाराला दाखवू लागतो. तक्रार बहुतेक वेळा खरी असते! त्या एवढ्याशा उंचवट्याचे आणि त्याच्या मागे असलेल्या खाचेचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे. ते न समजल्याने काय होते, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अगदी घरातच पाहायला मिळाले.

माझी भाची नववीत आहे. शाळेच्या रायफल क्लबात ती जूनपासून जाते. तिची आवड पाहून तिच्या वडिलांनी तिला दसऱ्याला छऱ्याची रायफल घेऊन दिली आणि दुकानदाराच्या सल्ल्यावरून तिच्यावर नऊपट मोठे दाखवणारी दुर्बीणही बसवून घेतली. "दुर्बीण असली की नेम चुकायचा प्रश्नच नाही," असे तो म्हणाला होता म्हणे. तीन आठवड्यांनी ती आमच्याकडे आली तीच हिरमुसलेली. "मामा, मी क्लब सोडते. माझे हात फार कापतात. शिवाय मला चष्मा आहे. माझ्याच्याने हे व्हायचे नाही."

मी तिचे हात पाहिले. चहाचा कप धरताना माझे कापतात त्याहून जास्त काही कापत नव्हते. तेव्हा हातांना दोष देण्याआधी आपण थोडे भौतिकशास्त्र पाहू, असे मी तिला म्हटले. तेच आज तुम्हाला सांगतो.

नेम धरण्याच्या साधनाला रायफल क्लबात आणि एनसीसीत 'साइट' म्हणतात. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात मागे एक खाच असते आणि पुढे नळीच्या तोंडाशी एक उंचवटा. त्याला बोलीत माशी म्हणतात. जत्रेतल्या बंदुकीवर हीच साइट असते. दुसऱ्या प्रकारात मागे खाचेऐवजी एक चकती असून तिला मधोमध बारीक छिद्र असते, आणि पुढे माशीच्या जागी बहुधा एक गोल कडे बसवलेले असते. ही छिद्राची किंवा 'पीप' साइट. तिसरा प्रकार दुर्बिणीचा.

तिन्हींचे काम एकच. डोळा, बंदुकीची नळी आणि लक्ष्य यांचा संबंध जुळवून देणे. काम सोपे वाटते, पण त्यात एक अडचण आहे आणि ती बंदुकीत नसून आपल्या डोळ्यात आहे.

एक पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर उभी धरा. एक डोळा मिटा आणि पेन्सिलीच्या टोकाच्या रेषेत दूरचा विजेचा खांब आणा. आता टोकाकडे नीट पाहा. टोक स्वच्छ दिसते, पण खांब पुसट होतो. खांबाकडे पाहा, लगेच टोक पुसट. दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसावेत म्हणून कितीही खटपट करा, जमणार नाही. नेत्रभिंग आपली जाडी बदलून जवळचे किंवा दूरचे स्पष्ट करते. एका क्षणी त्याला एकच जाडी घेता येते, दोन नाही.

खाच आणि माशी असलेल्या रायफलीत डोळ्याला दोन नव्हे, तीन गोष्टी पाहायच्या असतात. समजा, खाच डोळ्यापासून ३५ सेंटिमीटरवर, माशी ८५ सेंटिमीटरवर आणि लक्ष्य १० मीटरवर आहे. मीटरमधील अंतराचा व्यस्त घेतला की भिंगाला किती शक्तीची जुळवाजुळव करावी लागेल ते डायॉप्टरमध्ये मिळते. खाचेसाठी सुमारे २.९, माशीसाठी १.२ आणि लक्ष्यासाठी ०.१. डोळा माशीवर स्थिरावला तर लक्ष्याच्या बाबतीत १.१ डायॉप्टरची चूक राहते. खोलीतल्या उजेडात बाहुलीचा व्यास ४ मिलिमीटर धरू. व्यास आणि ही चूक यांचा गुणाकार म्हणजे ४.४ मिलिरेडियन, आणि १० मीटरवर एक मिलिरेडियन म्हणजे बरोबर १० मिलिमीटर. म्हणजे लक्ष्यावरचा प्रत्येक बिंदू ४४ मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्याएवढा पसरट दिसणार.

हा आकडा किती मोठा आहे ते कळण्यासाठी लक्ष्याचे माप माहीत हवे. १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो, साधारणपणे मोठ्या नाण्याएवढा. मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, पूर्णविरामाएवढा. छऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो आणि त्याच्या भोकाची कड त्या ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. थोडक्यात, छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवे. पुढच्या प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण जातो.

आता तुम्ही म्हणाल, असे असेल तर लक्ष्यच स्पष्ट पाहावे आणि माशी पुसट राहू द्यावी. जवळजवळ प्रत्येक नवशिका हेच करतो, आणि इथेच फसतो. कारण समजण्यासाठी एक प्रयोग करा. त्याला बंदूक लागत नाही.

एक मीटरपट्टी टेबलावर भिंतीच्या दिशेने आडवी ठेवा. पुढच्या टोकाला एक टाचणी मेणाने उभी करा आणि तिच्या मागे ३० सेंटिमीटरवर दुसरी. पाच मीटरवरच्या भिंतीवर मित्राला खडू घेऊन उभे करा. दोन्ही टाचण्या एका रेषेत आणून पाहा आणि ती रेषा भिंतीवर जिथे भिडते तिथे खूण करायला सांगा. आता मागची टाचणी फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकवा आणि पुन्हा पाहा. भिंतीवरची खूण सुमारे पावणेदोन सेंटिमीटर सरकते! मागची टाचणी ९० सेंटिमीटरवर लावून हेच करा. आता खूण अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त सरकते. शेवटी पट्टी न फिरवता, दोन्ही टाचण्यांसकट समांतर एक मिलिमीटर बाजूला सरकवा. खूणही एकच मिलिमीटर सरकते.

या शेवटच्या दोन निरीक्षणांत नेमबाजीचे निम्मे शास्त्र आले. संपूर्ण रायफल समांतर थोडी इकडेतिकडे झाली, तर मार तेवढाच हलतो. पण मागची आणि पुढची साइट यांच्यातली जुळणी बिघडली, तर ती चूक अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. दोन्ही साइटमधील अंतर ५० सेंटिमीटर असलेल्या रायफलीत ०.१ मिलिमीटरची, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी चूक झाली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे दोन मिलिमीटर सरकतो. दोन कागदांएवढी चूक झाली की एक गुण गेला. म्हणून डोळा ठेवायचा तो माशीवर. लक्ष्य पुसट दिसले तरी बिघडत नाही, कारण पुसट झालेले वर्तुळही चहूबाजूंनी सारखेच पुसट होते आणि त्याचा मध्य ढळत नाही. हे ऐकायला उलटे वाटते. माझ्या भाचीलाही वाटले. ज्याला मारायचे त्याच्याकडे पाहायचे नाही, हा काय प्रकार, असे तिने विचारलेच.

परंतु लक्ष्य ४४ मिलिमीटरच्या ठिपक्यांनी बनलेले दिसत असेल, तर ते नुसते पुसट नाही, जवळजवळ दिसेनासेच होते. खाचेच्या कडाही तशाच विरघळतात. इथे छिद्राची साइट मदतीला येते.

पोस्टकार्डाचा एक तुकडा घ्या. त्याला जाड सुईने स्वच्छ गोल भोक पाडा. ते डोळ्याच्या अगदी जवळ धरून मघाचीच पेन्सिल आणि तोच खांब पाहा. दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी स्वच्छ दिसू लागतात. तुमच्यापैकी ज्यांना लांबचे दिसत नाही, त्यांनी चष्मा काढून या भोकातून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आकडे पाहावेत. पहिल्यांदा पाहिल्यावर खूप जण चकित होतात. हा सूचिछिद्र कॅमेऱ्याचाच प्रकार आहे. मघाच्या गुणाकारात बाहुलीचा व्यास होता. छिद्राने तो ४ वरून १.२ मिलिमीटरवर आणला, तर ४४ मिलिमीटरचा ठिपका १३ मिलिमीटरवर येतो. डोळा माशीवरच असतो आणि तरीही काळे वर्तुळ वर्तुळासारखे दिसते. भिंग एकही वापरलेले नाही.

मग छिद्र आणखी बारीक का करू नये? दोन कारणे आहेत. एक तर प्रकाश. छिद्रातून येणारा प्रकाश क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो. १.२ मिलिमीटरचे छिद्र ४ मिलिमीटरच्या बाहुलीच्या मानाने आधीच अकरावा हिस्सा प्रकाश आत सोडते. ०.६ चे छिद्र केले की त्याचाही चौथा हिस्सा. दुसरे कारण प्रकाशाच्या तरंगरूपाचे आहे. छिद्र लहान होत गेले की विवर्तनामुळे प्रकाश कडांशी वाकून पसरतो. हा पसारा १.२ मिलिमीटरच्या छिद्राला सुमारे दोन कला असतो, ०.६ च्या छिद्राला जवळजवळ चार. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, आणि निरोगी डोळ्याला साधारण एका कलेइतका बारकावा दिसतो. तेव्हा एका बाजूने पुसटपणा कमी करावा, तर दुसऱ्या बाजूने तो विवर्तनाच्या रूपाने परत येतो. १ ते १.३ मिलिमीटरच्या आसपास दोघांची तडजोड होते. सांगायचे ते एवढेच की दुकानात "सर्वांत बारीक छिद्राची द्या" असे मागू नये. शाळेची शूटिंग रेंज अंधारी असेल तर थोडे मोठे छिद्रच चांगले, आणि त्याहून चांगले म्हणजे लक्ष्यावर एक दिवा.

छिद्राच्या साइटचा दुसरा फायदा माझ्या मते अधिक मोलाचा आहे. ती डोळ्यापासून सहा-सात सेंटिमीटरवर बसते. मघाच्या रायफलीत खाच ३५ सेंटिमीटरवर होती. आता मागची साइट ७ सेंटिमीटरवर आली म्हणजे दोन्ही साइटमधले अंतर ५० वरून ७८ सेंटिमीटर झाले, आणि कागदाएवढ्या त्याच चुकीला छर्रा दोनऐवजी सव्वा मिलिमीटरच सरकतो. रायफल तीच, मुलगी तीच, नळीही तेवढीच.

शिवाय गोलात गोल बसवणे डोळ्याला फार सोपे जाते. एका वर्तुळात दुसरे वर्तुळ मधोमध आहे की नाही, हे आपल्याला न मोजता कळते. ताटात वाटी मधोमध ठेवताना आपण पट्टी घेऊन बसत नाही. मागच्या छिद्रात पुढचे कडे आणि कड्यात काळे वर्तुळ, असा सगळा गोलांचाच मामला होतो. खाचेच्या साइटमध्ये मात्र माशीचा माथा खाचेच्या काठाशी समपातळीत हवा आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या हव्यात, अशा दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पुढचे कडे केवढे असावे? १० मीटरवरचे ३०.५ मिलिमीटरचे वर्तुळ ८५ सेंटिमीटरवर २.६ मिलिमीटर एवढे दिसते. हे त्रैराशिक तुम्हीही करू शकाल. कड्याचा आतला व्यास ४ मिलिमीटर असेल तर काळ्याभोवती ०.७ मिलिमीटरचा पांढरा पट्टा दिसतो. मुलांना तीन मिलिमीटरचे घट्ट कडे हवेसे वाटते, कारण ते नेमके वाटते. पण त्यात काळे वर्तुळ सतत कडेला भिडते. मूल ते सावरत बसते, श्वास संपतो, डोळा थकतो आणि अखेर चाप हिसकला जातो. नवशिक्याला मोठे कडेच द्यावे.

आता दुर्बिणीकडे वळू. तिच्यावर अन्याय करायचा नाही. तीन गोष्टी एकाच वेळी स्पष्ट पाहण्याची जी अडचण आपण पाहिली, ती दुर्बीण मुळातूनच नाहीशी करते. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि आतल्या फुलीच्या तारा एकाच प्रतलात आणलेल्या असतात. डोळ्याला एकच गोष्ट पाहायची उरते. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली असेल आणि अंतर मोठे असेल, तर दुर्बिणीसारखे साधन नाही.

पण माझी भाची उभी राहून, हातावर रायफल तोलून नेम धरत होती. उभ्याने नेम धरणाऱ्या नवशिक्याचा नेम १० मीटरवर दोन सेंटिमीटर इकडेतिकडे डोलला तर त्यात नवल नाही. कोनात मोजले तर हा डोल सुमारे सात कला होतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव भागाएवढा. साध्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. नऊपट दुर्बिणीतून तोच डोल एका अंशाहून मोठा, दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढा दिसतो. हात पूर्वीइतकाच हलत असतो, फक्त त्याचे चित्र नऊपट झालेले असते. ते पाहून मूल घाबरते आणि फुली मध्यावरून जाते तो क्षण पकडण्यासाठी चाप झटकन ओढते. त्या झटक्याने रायफल जेवढी हलते, तेवढी ती आधी हलतच नव्हती. "हात कापतात" या निष्कर्षाचे मूळ हे होते.

दुर्बिणीत आणखी एक सापळा असतो तो पॅरॅलॅक्सचा. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचे झाड दूरच्या डोंगरावरून सरकताना दिसते, तोच हा पराशय. प्रतिमा आणि तारा एकाच प्रतलात असतात असे मी म्हटले खरे, पण ते एका ठरावीक अंतरासाठीच. रायफलीच्या पुष्कळ दुर्बिणी १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतरासाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर प्रतिमा तारांच्या प्रतलात पडत नाही. डोळा जरा बाजूला गेला की फुली लक्ष्यावरून सरकते, रायफल जागची न हलताही. पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर असेल तर ही चूक जास्तीत जास्त १४ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. अडीच मिलिमीटरला एक गुण, या हिशेबाने पाच गुण! गाल लाकडी दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकवण्याची सवय ज्याला अजून लागलेली नाही, त्याला ही चूक कोण करते आहे हे कळणारच नाही. ताडून पाहायचे असेल तर रायफल रिकामी करून पिशव्यांवर पक्की ठेवा, डोके वर-खाली हलवा आणि फुलीकडे पाहा. १० मीटरसाठी जुळवता येणाऱ्या दुर्बिणी मिळतात, पण त्यांची किंमत पहिल्या रायफलीला शोभणारी नसते.

वजनाचाही प्रश्न आहेच. तीन-चारशे ग्रॅम नळीच्या वर चढवले की रायफल वरून जड होते आणि चौदा वर्षांच्या खांद्याला ते लगेच जाणवते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत तर दट्ट्या पुढे धावून आदळतो, त्यामुळे रायफलीला आधी मागे आणि मग पुढे असे दोन धक्के बसतात. साध्या दुर्बिणीची आतली जुळणी त्याने ढिली होते.

काही दुकानांत लाल ठिपक्याची साइटही दाखवतात. तिच्यात भिंगावर प्रकाशाचा ठिपका तरंगताना दिसतो. खेळायला ती छान आहे. पण तीन कलांचा ठिपका १० मीटरवर जवळजवळ नऊ मिलिमीटर जागा झाकतो, आणि आपल्याला अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायचा आहे.

आणि एवढे करून ऑलिंपिकमध्ये रायफलीवर दुर्बीण चालत नाही! २००८ मध्ये बीजिंगला १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या अभिनव बिंद्रांनी, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झालेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतांनी, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवताना दुर्बिणीविनाच नेम धरला होता. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. ते साध्या डोळ्याला दिसतही नाही. दिसते ते फक्त काळे वर्तुळ, कड्याच्या मधोमध.

भाचीच्या चष्म्याचे राहिलेच. उभ्याने नेम धरताना डोके वळते आणि कलते, त्यामुळे ती भिंगाच्या मध्यातून न पाहता नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून पाहत होती. तिथे भिंग तिरपे पडते आणि प्रतिमा ताणली जाते. म्हणूनच पुष्कळ नेमबाज एकाच डोळ्यासमोर भिंग असलेली आणि ते हवे तसे वळवता येणारी खास चौकट वापरतात. आम्ही तेवढा खर्च केला नाही. मान सरळ ठेवून रायफल डोळ्याच्या उंचीला आणायची, रायफलीसाठी मान वाकवायची नाही, एवढेच ठरवले. चष्मेवाल्याकडून चौकट जरा वर बसेल अशी करून घेतली. चष्मा काढू मात्र दिला नाही, कारण छर्रा कठीण वस्तूवर आपटून उलटला तर डोळ्यापुढे काही तरी हवे. दुसरा डोळा मिटण्याऐवजी त्याच्यापुढे पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा लावला. एक डोळा घट्ट मिटला की दुसऱ्याच्या पापण्याही आवळतात.

साइट कोणतीही घेतली तरी ती रायफलीशी जुळवून घ्यावी लागते. छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला तर १० मीटर जायला त्याला ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला १७ मिलिमीटर खाली ओढते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली असावी लागते. मागच्या साइटचे स्क्रू त्यासाठीच असतात. नियम सोपा आहे. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्याच बाजूला मार सरकतो. पण एका छऱ्यावरून स्क्रू फिरवू नये. पाच छर्रे मारावेत, पाचही भोकांचा मध्य अंदाजाने काढावा आणि त्या मध्यावरून दुरुस्ती करावी. प्रयोगशाळेत दोलकाचा आवर्तकाल एकदाच मोजून तुम्ही उत्तर लिहीत नाही, तसेच हे.

एक हिशेब मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १७० मीटर वेगाच्या ०.५३ ग्रॅम छऱ्याची गतिज ऊर्जा सुमारे ७.७ जूल येते. एक किलोचे वजन पाऊण मीटरहून थोड्या अधिक उंचीवरून पडल्यावर एवढीच ऊर्जा असते. इथे ती साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटलेली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. डोळा जायला ७.७ जूल पुष्कळ झाले. म्हणून मोठ्या माणसाशिवाय रायफल हातात घ्यायची नाही. ती भरलेलीच आहे असे समजून तिचे तोंड नेहमी लक्ष्याच्या दिशेला ठेवायचे. लक्ष्यामागे छर्रा अडेल अशी पेटी हवी. पाखरांवर आणि कुत्र्या-मांजरांवर ती कधीच रोखायची नाही. हे नियम तिने आपल्या हाताने लिहून रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत.

दुर्बीण आम्ही फेकून दिली नाही. रायफलीवरून उतरवून ती शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडच्या चिमट्यात पकडली आहे. तिच्यातून मैत्रिणी एकमेकींच्या लक्ष्यावरची भोके जागेवरूनच पाहतात. नाताळच्या सुट्टीत भाचीने मला पत्रातून एक कार्ड पाठवले. दहा भोके होती आणि दहाही काळ्या वर्तुळात. खाली पेन्सिलीने लिहिले होते, "मामा, हात अजून कापतात. पण आता दिसत नाहीत."